चेहरे बघून सावध होता येत नाही

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात आमच्या घरी सुरक्षिततेचे तीन सल्ले आले.

पहिला मुलीच्या कॉलेजातून आला. कुणी पाहुणे व्याख्यान देऊन गेले आणि जाताना मुलींच्या हातात एक छापील कागद ठेवून गेले. त्यावर बारा मुद्दे होते आणि बाराच्या बारा ‘नका’वर संपत होते. आठनंतर एकट्या बाहेर पडू नका, अनोळखी माणसाशी बोलू नका, भडक कपडे घालू नका, वगैरे. दुसरा सल्ला मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. पोरं पळवणारी टोळी आपल्या भागात शिरली आहे, बुरख्यात पुरुष फिरतात, दिसले की धरा, पुढे पाठवा. हा मजकूर मी २०१८ पासून ओळखतो, त्यात फक्त गावाचं नाव बदलतं. तिसरा सल्ला माझ्या मेहुण्याने फोनवर दिला. मला एका लग्नासाठी भुसावळला जायचं होतं. तो म्हणाला, “भाईजान, टोपी बॅगेत ठेवा, गाडीत डबा उघडू नका, फोनवर सलाम-दुआ जरा हळू करा. दिवस बरे नाहीत.”

तिघांचाही हेतू चांगला होता, हे आधीच मान्य करून टाकतो. मेहुण्याच्या आवाजातली काळजी तर खरीच होती. पण तिन्ही सल्ले शेजारी शेजारी ठेवून बघितले तेव्हा लक्षात आलं, की कुणाला घाबरायचं आणि कुणाच्या नजरेपासून लपायचं, एवढंच त्यांत आहे. बघायचं काय, हे एकानेही सांगितलेलं नाही. फलाटावर उभं असताना नजर कुठे असावी, बसमध्ये चढल्यावर आधी काय शोधावं, गर्दी दाटायला लागली की कुठल्या क्षणी पाय मागे घ्यावा, शेजारच्यावर प्रसंग आला तर आपण काय करावं, यातलं काहीही नाही. आणि घरी परत येणं-न येणं बरेचदा याच गोष्टींवर ठरतं.

माझे अब्बा एसटीत वाहक होते. सगळी नोकरी कराडच्या आगारात गेली. मे महिन्याच्या सुट्टीत कधीमधी ते मला ड्यूटीवर बरोबर नेत. स्टँडवर गाडी लागली की लोक दारावर तुटून पडायचे, कुणी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचं, कुणी पोराला खिडकीतून आत ढकलायचं. अब्बा खाली उभे राहून ती झुंबड बघत. एकदा त्यांनी मला जवळ ओढलं आणि आमच्या घरच्या दखनीत हळूच सांगितलं, “मूं नको देख, हातां देख.” तोंड बघू नकोस, हात बघ. मी बघायला लागलो. सगळे आत शिरायला धडपडत होते. एक जण मात्र पायरीवर पाय ठेवायचा आणि परत मागे यायचा. त्याच्या डाव्या हातावर टॉवेल टाकलेला होता आणि उजवा हात टॉवेलखाली होता. चेहऱ्याने तो कुणाच्याही मामासारखा दिसत होता. स्वच्छ पायजमा, कपाळाला गंध. अब्बांनी नुसतं मोठ्याने म्हटलं, “पाव्हणं, चढायचं असंल तर चढा, न्हाईतर बाजूला व्हा.” तो निघून गेला. कुणाला कळलंही नाही की काय टळलं.

अब्बांची दुसरी सवय म्हणजे कुठल्याही गाडीत प्रवासी म्हणून बसले तरी आधी संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा शोधायचा. जमलं तर त्याच्या दांड्याला हात लावून बघायचा, की हलतो की गंजलाय. लग्नाच्या मांडवात गेले की भटारखाना कुठल्या अंगाला आहे हे बघून मग पंगतीला बसायचे. थिएटरात कडेची खुर्ची. मला त्या वयात याची लाज वाटायची. आपले अब्बा घाबरट आहेत असं वाटायचं. पण घाबरट माणूस प्रवासभर टक्क जागा राहतो. अब्बा एवढं बघून झालं की खुशाल डुलकी काढायचे.

१ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. तेहतीस माणसांतली पंचवीस गेली. बस दाराच्याच बाजूवर पडली होती, म्हणजे दार जमिनीखाली. जे आठ वाचले त्यांच्यातले काही जण काच फोडून बाहेर आले. ती बातमी वाचताना मला अब्बांचा तो दांड्यावरचा हात आठवला. गाढ झोपेतून आगीत जागं झालेल्या माणसाला कुठलाही सल्ला देण्याचा मला हक्क नाही. पण बसमध्ये बसताना काच कशाने फोडायची हे मी आता बघतो. बहुतेक खासगी बसमध्ये हातोडीची जागा असते आणि हातोडी नसते. विचारलं की क्लीनर हसतो.

आता एक प्रयोग सांगतो. अमेरिकेत बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत प्रश्नावली भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झडपेतून आत धूर सोडला. जो विद्यार्थी एकटा होता, त्याने बहुतेक वेळा उठून कुणालातरी सांगितलं. दर चारांतल्या तिघांनी सांगितलं. पण ज्याच्या शेजारी दोन माणसं बसवली होती आणि त्या दोघांना ‘काहीही झालं तरी हलायचं नाही’ असं आधीच सांगून ठेवलं होतं, तिथे दहांतला एकच उठला. बाकीचे धुरात डोळे चोळत प्रश्नावली भरत राहिले. कारण धूर बघितल्यावर त्यांनी पुढची नजर टाकली ती शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर. शेजारी शांत आहे, मग काही नसेल. 

म्हणजे चेहरा बघण्याने दोन्हीकडून घात होतो. धोका असताना शांत चेहरे बघून आपण बसून राहतो आणि धोका नसताना अनोळखी चेहरा बघून आपण उठतो. दोन्ही वेळा समोर प्रत्यक्ष काय घडतंय, याकडे लक्षच नसतं.

यातली दुसरी गोष्ट मी माझ्या गॅलरीतून बघितली आहे. ती सांगायला मला आवडत नाही, पण मोहल्ल्यातला तो मेसेज पुढे पाठवणाऱ्यांवर लिहायचं तर आधी ती सांगायला हवी. चार-पाच वर्षं झाली असतील. असाच मेसेज फिरत होता. दुपारी चारच्या सुमारास आमच्या गल्लीत एक बुरख्यातली बाई भीक मागत आली. कुणीतरी म्हणालं, पाय बघा, चपला पुरुषी आहेत. दहा मिनिटांत पंधरा-वीस पोरं जमली. “नकाब उठाओ” असा ओरडा सुरू झाला. आमचीच पोरं, पाच वक्त नमाजी. एकाच्या हातात बांबू होता. मी तिसऱ्या मजल्यावरून बघत होतो. समोरच्या इमारतीतले दोघे-तिघे त्यांच्या गॅलरीत उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. कुणीतरी खाली जाईलच, असं मला वाटत होतं. धुराच्या खोलीतल्या त्या दहांतल्या नऊंपैकी मी एक होतो.

खाली गेली ती माझी बायको. ओढणी डोक्यावर घेत ती त्या घोळक्यात शिरली आणि त्या बाईला म्हणाली, “खाला, बैठो, पानी पिओ.” आणि तिला हाताला धरून जिन्यात बसवलं. मग पोरांकडे वळून म्हणाली, “हातात काय आहे तिच्या ते तरी बघा रे.” हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकारी दवाखान्याचा केसपेपर होता. परभणीकडची बाई, नवऱ्याला घेऊन आलेली, पैसे संपलेले. चपला नवऱ्याच्या होत्या. पोरं पांगली. कुणी माफी मागितली नाही. मीही खाली उतरलो तो सगळं निवल्यावर.

माझ्या बायकोने अब्बांचं ते वाक्य कधी ऐकलेलं नव्हतं. 

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला माझ्या बायकोसारखं कुणी नव्हतं, किंवा असलं तर त्याला कुणी पुढे येऊ दिलं नाही. १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, बहुतेक मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत आले होते. पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज आधीच फिरत होते. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढ्यावरून जमाव जमला, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मजकूर एका वेळी पाच जणांपुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा आणली. म्हणजे जगभर पसरलेल्या त्या कंपनीला कळलं, की ‘सावध राहा’ म्हणणारा मजकूरच माणसं मारतो आहे. आमच्या ग्रुपच्या ॲडमिनला अजून कळायचंय.

पुढे १६ एप्रिल २०२० ला, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर अशाच अफवेपायी जमावाने मारले. दोन-चार दिवसांत या खुनांना धर्माचा रंग चढवणं सुरू झालं आणि रोख आमच्याकडे वळला. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं, की यात एकही मुसलमान नाही. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर शुक्राने-अल्हम्दुलिल्लाहचा पाऊस पडला. मला तेव्हाच विचारावंसं वाटलं होतं, आज विचारतो. तीन माणसं मेली त्यात शुक्र कशाचा? आपलं नाव यादीत नाही याचा? ज्या अफवेने ती माणसं मेली, तीच अफवा आपण आपल्या गल्लीत दर वर्षी नव्याने पेरतो. फक्त अजून आपल्या गल्लीत कुणी मेलेलं नाही.

कुणी म्हणेल, अहो, पण बॉम्बस्फोट? ११ जुलै २००६ च्या लोकल आम्ही विसरायच्या का? मी विसरलेलो नाही, त्या काळात मी रोज रेल्वेनेच जात होतो. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी, ८ सप्टेंबरला, मालेगावात काय झालं तेही आठवा. शबेबरात, जुम्म्याचा दिवस, कब्रस्तानाजवळची गर्दी, आणि बॉम्ब ठेवले होते सायकलींवर. मेले मुसलमान, आणि आधी पकडले गेले तेही मुसलमान. त्यांना २०१६ साली विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केलं. मधली वर्षं कुणी परत दिली नाहीत. स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ असं सांगतात ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण त्यात वस्तूबद्दल सांगितलंय. मालकाशिवाय उभी सायकल, सीटखाली राहिलेली बॅग, गर्दीच्या उलट्या दिशेने घाईने निघालेला माणूस, हे दिसतं, तपासता येतं, पोलिसाला सांगता येतं. दाढीबद्दल पोलिसाला काय सांगणार?

आता मेहुण्याच्या सल्ल्याकडे येतो, कारण माझ्या मुसलमान वाचकांतले निम्मे तरी तो पाळतात. ३१ जुलै २०२३ ला जयपूर-मुंबई गाडीत, प्रवाशांच्या रक्षणासाठी बंदूक दिलेल्या रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने आपल्या वरिष्ठाला आणि डब्याडब्यांतून जात तीन प्रवाशांना गोळ्या घातल्या. तिन्ही प्रवासी मुसलमान होते. ऑगस्ट २०२४ मध्ये धुळ्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीत, मुलीकडे निघालेल्या एका म्हाताऱ्या माणसाला बरणीत गोमांस आहे अशा संशयावरून तरुण पोरांनी मारलं, शिव्या दिल्या आणि त्याचं चित्रीकरणही केलं. हे माहीत असलेला कुणी टोपी बॅगेत ठेवत असेल, तर त्याला मी भ्याड म्हणणार नाही. भुसावळला जाताना माझीही टोपी बॅगेत होती.

पण त्याला सावधपणा म्हणू नका. ती माघार आहे, आणि कधी कधी माघार घ्यावी लागते. सावधपणा याच्या पुढे सुरू होतो. रिकाम्या डब्यापेक्षा कुटुंबं बसलेला डबा बरा. शेजारच्याशी पहिल्या दहा मिनिटांत दोन शब्द बोलावेत, कुठे उतरणार, पाणी हवं का; ज्याच्याशी आपण बोललोय तो माणूस आपल्यासाठी उठण्याची शक्यता जास्त असते. टीसी कुठल्या दिशेने गेला हे ध्यानात ठेवावं. रेल्वेसाठी १३९, बाकी सगळीकडे ११२, हे आकडे फोनमध्ये नुसते साठवलेले नकोत, बोटांना पाठ हवेत. आवाज चढायला लागला, दोनाचे चार झाले, कुणी मोबाइल वर धरला, की वाद जिंकायचा मोह सोडून तिथून उठावं. आपण किती बरोबर आहोत, हे सिद्ध करायची जागा रेल्वेचा डबा नाही.

आणि जे त्या डब्यात बसलेले होते, ज्यांना कुणी मारत नव्हतं, त्यांच्यासाठी या लेखात जास्त जागा हवी. तुमच्यातले बहुतेक माझे हिंदू वाचक असतील. त्या म्हाताऱ्याला मारताना डब्यात माणसं होती. सगळे वाईट होते असं मी समजत नाही. ते एकमेकांचे चेहरे बघत होते. अशा वेळी मारणाऱ्याशी भिडायची गरज नसते. मार खाणाऱ्याशेजारी जाऊन बसायचं आणि त्याच्याशी बोलायचं, “काका, तुमचं स्टेशन कुठलं?” समोरच्या एका माणसाकडे बोट करून सांगायचं, “निळा शर्ट, तुम्ही १३९ लावा.” ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं तर कुणीच करत नाही, निळ्या शर्टाला सांगितलं तर तो करतो. साखळी आहे. एक माणूस उठला की दुसरा उठतो, हे मी आमच्या गल्लीत बघितलंय. फक्त पहिला मी नव्हतो.

मुलींचं काय? कॉलेजातल्या त्या कागदाने मला सर्वांत जास्त राग आणला, कारण आमच्या मोहल्ल्याला तो फार आवडला. बघा, आता कॉलेजवालेही तेच सांगतात जे आम्ही सांगत होतो, मुलींना घरी ठेवा! जी मुलगी आठनंतर कधी बाहेर पडलीच नाही, तिला आठनंतरचं स्टेशन वाचता कसं येईल? कुठला जिना अंधारा आहे, कुठल्या रिक्षा स्टँडवर माणसं असतात, रात्रीच्या महिला डब्यात पोलीस कुठे बसतो, पाठीमागून येणारा माणूस दोनदा रस्ता बदलूनही मागेच आहे हे कसं ओळखायचं, हे बाहेर पडूनच कळतं. घरात कोंडलेल्या मुलीला ज्या दिवशी अडचणीत बाहेर पडावं लागेल, बापाला ॲटॅक आला म्हणून रात्री दोनला, त्या दिवशी ती सर्वांत असुरक्षित असेल. माझी मुलगी सातला सुटणाऱ्या क्लासहून लोकलने येते. पहिले काही महिने मी स्टेशनवर न्यायला जायचो. आता ती मला सांगते, की पुलाच्या कल्याणच्या बाजूचा दिवा पंधरा दिवस बंद आहे, म्हणून सगळ्या मुली मधल्या जिन्याने उतरतात. ही माहिती कुठल्याही व्याख्यात्याकडे नव्हती.

आणि तो कागद मुलींनाच का दिला? नाक्यावर बसणाऱ्यांना का नाही? रस्त्यावर बसू नका, आणि बसायचंच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. त्या हक्कांत नजर खाली ठेवणं पहिलं आहे आणि कुणाला त्रास न देणं दुसरं. हे रस्त्यावर बसणाऱ्या पुरुषांना सांगितलेलं आहे. आमच्या नाक्यावर असरनंतर जी बैठक भरते, तिच्यासमोरून जायला नको म्हणून मोहल्ल्यातल्या मुली मागच्या गटाराच्या बोळातून वळसा घालतात. तो बोळ खरोखरच धोक्याचा आहे. म्हणजे शरीफ पोरांच्या नजरेपासून वाचायला मुली अंधारात शिरतात, आणि मग आम्ही त्यांना अंधारात जाऊ नका म्हणून सांगतो. जुम्म्याच्या बयानात मुलींच्या कपड्यांवर मी किमान पंधरा वेळा ऐकलं असेल. रस्त्याच्या हक्कावर एकदा.

या सगळ्याच्या वर एक मोठा धोका आहे, ज्याला चेहराच नाही, म्हणून त्याच्यावर मेसेज फिरत नाही. तो म्हणजे गर्दी. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर २३ माणसं मेली. पाऊस होता, लोक आडोशाला जिन्यावर थांबले होते, गाड्या माणसं ओतत होत्या. ‘फूल गिर गया’चं कुणी ‘पूल गिर गया’ ऐकलं, असंही तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. गर्दीत बहुतेक माणसं पायाखाली येऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडून मरतात. म्हणून खुणा आधी ओळखाव्या लागतात. चारही बाजूंनी अंगाला अंग लागलं, आपली पावलं आपण टाकत नाही तर गर्दी टाकतेय असं वाटलं, की पुढे जायचा हट्ट सोडून कडेकडेने, तिरपं, बाहेर सरकावं. हात छातीपुढे आडवे, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. मूल असेल तर खांद्यावर. चप्पल, मोबाइल, ओढणी पडली तर पडू द्यावी. वाकलेला माणूस पुन्हा उठत नाही. ओरडून श्वास घालवू नये. हे शाळेत शिकवायला एक तास पुरे.

पण हे लिहिताना मला भीती वाटते, की उद्या हेच वाक्य कुणी साहेब पुढे करतील. प्रवाशांनी सावध राहायला हवं होतं! ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान वळणावर दारात लोंबकळणारी माणसं लोकलमधून पडली, किमान चौघांचा जीव गेला, आणि लगेच पाठीवरच्या बॅगांची चर्चा सुरू झाली. दारात लोंबकळणाऱ्याला धोका दिसत नसतो का? त्याला तो सगळ्यांपेक्षा स्वच्छ दिसत असतो. त्याला कामावरही जायचं असतं. मिनाचं उदाहरण हाजींना माहीत आहे. जानेवारी २००६ मध्ये जमरातच्या पुलापाशी तीनशेच्यावर हाजी चेंगरून मेल्यावर सौदी सरकारने ‘हाजींनो, सब्र करा’ एवढ्यावर भागवलं नाही. पूल पाडून बहुमजली बांधला, येण्याचे आणि जाण्याचे रस्ते वेगळे केले. त्या पुलावर मग तसं घडलं नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये घडलं ते तंबूंकडून येणाऱ्या रस्त्यावर, जिथे दोन लोंढे एकमेकांवर आले. माणसं सब्रवाली दोन्हीकडे होती. रस्ता वेगळा होता.

रेल्वेला आणि सरकारला हे सुनावणं मला सोपं जातं. आमच्या मशिदीचं सांगणं अवघड जातं, म्हणून शेवटी ठेवलं. रमजानच्या तरावीहला आमच्याकडे तिन्ही मजले भरतात. लहान पोरं, म्हातारे, खुर्चीवर नमाज पढणारे, सगळे. उतरायला एक जिना आहे, त्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग असतो आणि ढिगाशेजारी विजेचा बोर्ड. मागच्या अंगाला दुसरा जिना आहे. त्याच्या दाराला कुलूप असतं. मी ट्रस्टींना दोनदा विचारलं. पहिल्यांदा सांगितलं, उघडं ठेवलं तर चपला चोरीला जातात. दुसऱ्यांदा सांगितलं, भाई, अल्लाह मालिक आहे, आजवर काही झालंय का? शेजारी बसलेल्या चौघांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मान डोलावली.

येत्या जुम्म्याला तिसऱ्यांदा विचारणार आहे. या वेळी एकटा जाणार नाही, बांबू घेऊन आलेल्या त्या पोरांतले दोघे बरोबर येतो म्हणालेत. कुलूप उघडणार नसतील, तर निदान चावी कुणाच्या खिशात असते आणि तो माणूस कुठल्या सफेत उभा राहतो, हे फळ्यावर लिहा, एवढं मागणं आहे.